सतरा माणकं

सातारा,
रविवार, दुपार

चि. मुक्ता,


तुझा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून घाईत ठेवला. आणि खरं सांगायचं तर हे फोनवर उरकण्यासारखंही नव्हतं. दादाच्या लेकीचं नाव माणिक ठेवायचं तुम्हा भावंडांच्या मनात आहे, आणि तुझ्या वहिनीच्या आई म्हणतात, "अगंबाई, हे तर पुरुषाचं नाव!"

त्यांचं अगदीच चूक नाही. माणिकनगरचे माणिकप्रभू, तुकडोजी महाराजांचं लहानपणीचं नाव माणिक, 'ग्रेस' या नावाने कविता लिहिणारे माणिक गोडघाटे. बंगालात सत्यजित राय घरच्यांचे माणिकच होते. त्रिपुराचे राजे तर पिढ्यानपिढ्या आपल्या नावापुढे 'माणिक्य' लावत आले. पण विहीणबाईंना एवढंच विचार, माणिक वर्मांचं गाणं कधी ऐकलं नाही का? माझ्या लहानपणी रेडिओवर त्यांचं नाव पुकारलं की आई मला हाक मारायची, "तुझं नाव घेतायत बघ," आणि मी खरोखरच धावत जायचे.

घोटाळे झाले, नाही असं नाही. नोकरीत असताना एका प्रशिक्षणाला गेले, तर माझी सोय पुरुषांच्या वसतिगृहात. यादीत 'श्री. माणिक'! तिथला शिपाई बिचारा माझ्याकडे आणि यादीकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "मीच तो."

पण मराठीत रत्न म्हणून ते 'माणिक' मुळात नपुंसकलिंगी आहे, ते माणिक, ती माणकं. मुलाने घ्यावं, मुलीने घ्यावं, शब्दाची हरकत नाही. फरक एकच. खड्याला आपण 'माणकाला' म्हणतो, माणसाला मात्र 'माणिकला'. नाव झालं की शब्द वाकायचं थांबतो.

मूळ शब्द 'मणि'. त्यावरून संस्कृतात 'माणिक्य' आणि प्राकृतातून घासत घासत आपलं 'माणिक'. म्हणजे वहिनीच्या मंगळसूत्रातला काळा मणी आणि नवरत्नांतलं माणिक हे एकाच घरचे. तमिळनाडूत शैव संत माणिक्कवाचकर होऊन गेले. ज्याचे शब्द माणकांसारखे, तो माणिक्कवाचकर. पोथ्यांत याच रत्नाला पद्मराग म्हणतात, कमळाच्या रंगाचं म्हणून. इंग्रजीतली 'रूबी'सुद्धा 'लाल' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेली. तिकडे तेही मुलींचं नाव आहे. ज्योतिषी याला रवीचं रत्न म्हणतात. तो भाग विहीणबाईंसाठी राखून ठेव, कामी येईल.

माझं नाव मात्र दागिन्यातून आलेलं नाही, घड्याळातून आलंय. आमच्या घरात माणकाचा दागिना कधी नव्हताच.

बाबा घड्याळजी होते, हे तुला माहीत आहे. राजवाड्याजवळ जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, एक काचेची पेटी आणि एक स्टूल. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी एका मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि स्वतःच्या डोळ्याचं भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलं. आधी सगळं धूसर. मग पितळेची चाकं दिसली, एक चाक श्वास घेतल्यासारखं पुढे-मागे होत होतं, आणि त्याच्या मधोमध मोहरीहून लहान, डाळिंबाच्या दाण्यासारखा एक लाल ठिपका. मग दुसरा, तिसरा. "ती बघ, तुझ्या नावाची," बाबा म्हणाले. तबकडीवर जे 'सतरा ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, ते ज्वेल्स म्हणजे हीच माणकं.

चाकाच्या आसाचं टोक सुईसारखं बारीक असतं. ते नुसत्या पितळेत फिरलं तर भोक झिजून मोठं होतं आणि घड्याळ वेळ चुकायला लागतं. माणिक झिजत नाही, म्हणून भोक पाडलेलं माणिक बसवून त्यात ते टोक टेकवतात. ही युक्ती लंडनमध्ये १७०४ साली निघाली. पुढे १९०२ मध्ये व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने भट्टीच्या ज्योतीत माणिक घडवायची रीत प्रसिद्ध केली आणि ही माणकं स्वस्त झाली. गिऱ्हाइकांना हे कुठे ठाऊक! काहीजण दुरुस्ती होईपर्यंत पेटीसमोरून हलायचे नाहीत, घड्याळजी माणकं काढून घेईल म्हणून. बाबा हसून म्हणायचे, "बसा. यातलं एक विकून आपल्या दोघांचा चहासुद्धा येणार नाही."

माझ्या जन्माच्या वेळी आईला मीना हवं होतं. बाबांनी आत्याच्या कानात सांगितलं माणिक. पुढे कधीतरी मी विचारलं, एवढ्या महाग रत्नाचं नाव गरिबाच्या पोरीला का ठेवलं? ते म्हणाले, "महाग कुठलं? बाहेरून दिसत नाही, पण ते आहे म्हणून सगळं नीट फिरतं."

आता थोडं रसायनशास्त्र. तुझा विषय आहे म्हणून भीतभीतच लिहिते. माणिक आणि नीलम हे सख्खे भाऊ. दोन्ही कुरुंदच, ज्या जातीच्या दगडावर धारवाला विळी परजतो, तोच. निखळ शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. त्यात क्रोमियम शिरलं, तेही जेमतेम टक्काभर किंवा त्याहून कमी, की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियम शिरलं की नीलम. म्हणजे ज्या लाल रंगासाठी जग त्याला रत्न म्हणतं, तो रंग भेसळीचा! नाव पुरुषाचं की बाईचं, जुनं की नवं, मराठी की बंगाली, या चौकशीत म्हणूनच मला फारशी गोडी वाटत नाही.

तरी माझा आग्रह नाही. पोरीच्या आईला दुसरं काही आवडलं असेल तर तेच ठेवा. हाक तिला मारायची आहे.

सोबत बाबांचं घड्याळ पाठवते आहे. बारशाला कानात नाव सांगशील तेव्हा पाठीत धपाटे बसतील, ते मुकाट्याने खा. मग सगळे जेवायला बसले की घड्याळाला किल्ली दे आणि कानाशी धर. चावी हलक्या हाताने फिरव, घट्ट लागली की थांब. अजून चालतं ते. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, पण त्यात माणकांचा दोष नाही.

तुझी,
माणिकआत्या