डोहाकाठची कबुली

ऐझॅक वॉल्टन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १६५३ सालीं गळ टाकण्याच्या छंदावर एक ग्रंथ लिहिला आणि तो अद्यापि वाचला जातो. आपल्याकडील पांढरपेशा मनुष्य मासा आवडीनें खाईल, त्याच्या भावावरून कोळणीशीं हुज्जतही घालील. परंतु तो धरण्यासाठीं स्वतः काठावर तासन् तास बसला, तर त्याच्या आप्तेष्टांस त्याची थोडी काळजीच वाटूं लागेल. आमच्याविषयींही ती वाटली असती. पण आम्हीं कोणास कळूंच दिलें नाहीं.

चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आमची बदली एटापल्लीस झाली. मुलें लहान होतीं, त्यांच्या शाळा होत्या. तेव्हां बिऱ्हाड नागपुरास ठेवून आम्ही एकटेच गेलों. आलापल्लीच्या पुढें साग-बांबूच्या रानांतून जाणारा तो रस्ता पहिल्या दिवशीं रम्य वाटला, आठव्या दिवशीं लांब वाटला. कचेरी सुटल्यावर करावयाचें काय, हा प्रश्न रोज संध्याकाळीं दारांत उभा राही. शेवटीं शेजारच्या पाड्यावरील एका माडिया म्हाताऱ्याबरोबर आम्ही पाण्याकाठीं जाऊं लागलों. आम्ही त्याला 'दादा' म्हणत असूं, तो आम्हांला 'बाबू' म्हणे आणि 'तूं' म्हणे; त्याच्या बोलींतून मराठींत येतांना आदरार्थी बहुवचन वाटेंतच कोठें तरी गळून पडत असे. आमचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम ह्या तिन्ही नद्यांचा संगम आहे. आमच्या वांट्याला आला तो मात्र साधा नाला. पावसाळ्यांत तो वाट अडवून धरी आणि चैत्र उजाडला कीं त्याची धार तुटे. मग खडकांच्या मध्यें दोन पुरुष खोल असा एक डोह तेवढा उरे, आणि नाल्यांतले सारे मासे त्यांत गोळा होत. खोल पाण्यांत उन्हाळ्यांत थर पडतात. वरचें पाणी तापून हलकें होतें व वरच राहतें. खालचें थंड असतें, परंतु वाऱ्याशीं त्याचा संबंध तुटल्यामुळें त्यांतील प्राणवायु हळूहळू संपत जातो. वर उकाडा आणि खालीं गुदमर, अशा पेंचांत सांपडलेला मासा मधलाच एखादा थर धरून राहतो. अमेरिकेंतील खोल सरोवरांवर बास आणि ब्लूगिल मासे धरणारे लोक दोरी किती हात सोडावी ह्याचा उन्हाळाभर खल करितात तो ह्याचसाठीं. दादा असला खल करीत नसे. पाण्यांत पाय बुडवून तो क्षणभर उभा राही आणि दोरीला गांठ मारी. ती गांठ क्वचितच चुके.

मरळीची गोष्ट मात्र निराळी. तिला कल्ल्यांच्या वर हवा घेण्याचें एक स्वतंत्र इंद्रिय आहे. पाणी कितीही कोंदट होवो, ती वर येऊन एक घोट हवा घेते आणि पुन्हां खालीं जाते. तो 'गुळुक्' असा आवाज ऐकण्यासाठीं आम्ही श्वास रोखून बसत असूं. बेडकाचें पिल्लूं गळाला लावून त्या जागीं अलगद सोडावें, आणि मग काठीला जो हिसका बसतो तो कचेरींतील कोणत्याही बढतीहून अधिक सुखाचा असतो. हें सुख आम्हीं इतकें मनावर घेतलें कीं वैशाखांत मिळणारी रजा आम्हीं आपण होऊन पुढें ढकलली आणि घरीं लिहिलें, "काम फार आहे."

मासे आपले मुलूख सोडून परमुलखांत गेले म्हणजे काय होतें ह्याच्या दोन हकीकती आम्हीं पुढें वाचल्या. शिकागोच्या महापौरानें भेट दिलेले ब्लूगिल जपानचे तेव्हांचे युवराज अकिहितो ह्यांनीं १९६० सालीं मायदेशीं नेले. तेथें त्यांनीं स्थानिक माशांस इतकें छळलें कीं २००७ सालीं, सम्राट् झाल्यावर, त्यांनीं त्याबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला. उलट मरळीची एक चिनी बहीण २००२ सालीं अमेरिकेंत मेरीलंडमधील एका तळ्यांत सांपडली, तेव्हां तेथील सरकारनें सगळें तळेंच औषध घालून मारलें. तें औषध म्हणजे रोटेनोन, कांहीं वनस्पतींच्या मुळांतून निघणारें. जगांतील कित्येक रानांतले लोक मुळें, साली, फळें ठेचून मासे गुंगवितात. सरकारनें केलें तें तेंच, फक्त खाण्यासाठीं नव्हे.

असो. मृगाला आठ-दहा दिवस होते. वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते. डोहाच्या कडेला पाण्यावर नारिंगी-तांबड्या रंगाचा, सुपाएवढा एक डाग हलतांना दिसला. त्याच्या खालीं काळी पाठ होती. आम्हीं गळ टाकला. दादा मागून म्हणाला,

"थांब बाबू. पोरं हायेत त्याचे."

आम्हांला तें ऐकूं आलें होतें. तरीही हात थांबला नाहीं. मरळ भुकेनें नव्हे, रागानें बेडकावर आली. बाहेर काढली तेव्हां गळ घशांत खोल रुतला होता. इकडे तो तांबडा डाग फुटला. बोटाच्या पेराहूनही लहान अशीं तीं शेंकडों पिलें चोहोंकडे पांगलीं, आणि दुसऱ्याच क्षणीं पाण्यावर लहान लहान वर्तुळें उठूं लागलीं. तीं पिलें खाणारे मासे तेथेंच वाट पाहत होते. आम्हीं घाईनें दोरी कापून मरळ परत सोडली. ती एका अंगावर कांहीं वेळ तरंगली, मग दिसेनाशी झाली.

"माय होती कीं बाप?" आम्हीं विचारलें.

"दोघंबी राखतात," दादा म्हणाला. "आतां एकच राहिला." त्या दिवशींच्या इतर माशांतील आपला वांटा त्यानें उचलला नाहीं.

खोलीवर आलों तों नागपूरचें पत्र येऊन पडलेलें. धाकटीनें आईच्या मजकुराखालीं आपल्या वांकड्या अक्षरांत विचारलें होतें, "तुमचें काम केव्हां संपणार?" दुसऱ्या दिवशीं आम्हीं रजेचा अर्ज दिला. काठी आणि गळ दादाच्या स्वाधीन करून सकाळची मोटार धरली. घरीं कामाविषयीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं, त्यामुळें सांगण्याचाही प्रसंग आला नाहीं.

भर पावसांत परत आलों तेव्हां त्याच्या झोंपडीवरून गेलों. दोरी आणि गळ कोठें दिसले नाहींत. काठी अंगणांत रोंवलेली होती, आणि तिच्यावर वालाचा वेल अर्ध्यापर्यंत चढला होता.