मामाचं वर्कशॉप आणि आठ रकान्यांचा फॉर्म

एट-डी रिपोर्ट ज्यांना कधी भरावा लागला नाही ते सुखी लोक! गाड्यांचे भाग बनवणाऱ्या साखळीत तुम्ही अगदी शेवटच्या टोकाला असा, दोन जुने लेथ आणि कर्जावर घेतलेलं एक सीएनसी एवढीच तुमची दौलत असो, नग नापास झाले की वरच्या कंपनीकडून हा फॉर्म येतोच. आठ रकाने, सगळे इंग्रजीत. दोष काय, तात्पुरता उपाय काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. फोर्डनं १९८० च्या दशकात आपल्या इंजिनिअरांसाठी बसवलेली ही पद्धत कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामाच्या टेबलावर व्हर्नियरखाली दबून पडली होती, आणि मामा तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

त्यानंतर जे झालं ते मी भेटेल त्याला सांगत सुटलेय!

मामाला एआय विकायला याआधी माणसं येऊन गेली होती. त्यांच्याकडे सगळ्या धंद्याचा कायापालट करणारं पॅकेज होतं, रंगीत आलेख होते, वर्षाची वर्गणी होती. मामानं चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. मीही तशीच सुरुवात केली असती तर माझीही रवानगी चहावर झाली असती. मी फक्त विचारलं, "मामा, तुला सगळ्यात नकोसं काम कुठलं?" त्यानं बोट दाखवलं त्या फॉर्मकडे. "असलं इंग्रजी लिव्हायचं म्हंजी डोस्कं उठतंय बघ."

मग मी माझ्या फोनवरचं फुकटातलं एआय अ‍ॅप उघडलं, माइक दाबला आणि म्हटलं, बोल. इंग्रजी नको, फॉर्म विसर, नग का बिघडले तेवढं सांग. आधी अवघडला. मग लेथ बंद करायला सांगितला आणि अस्सल कोल्हापुरीत सुरू झाला. बोअर वीस मायक्रॉननं जास्त गेला, इन्सर्ट तर नवंच होतं, पोरगं नवीन न्हाई, मापं दर नगाला घेतल्यात... आणि त्या अ‍ॅपनं काय करावं? लगेच इंग्रजी ओकलं नाही. मराठीत उलटा प्रश्न केला: बिघडलेले नग दिवसाच्या कुठल्या वेळी निघाले होते?

मामा थबकला. चलनं काढली, वही काढली. सगळे नग सुट्टीनंतरच्या सकाळचे! "मशीन गार असतंय की गं. स्पिंडल तापल्याबिगर माप धरत न्हाई." हे त्याला तीस वर्षं माहीत आहे. हाताला माहीत आहे. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि फॉर्ममधल्या 'रूट कॉज' या रकान्यात तो दर वेळी 'ऑपरेटर मिस्टेक' लिहून मोकळा व्हायचा, म्हणजे वर शिव्या बिचाऱ्या ऑपरेटरला. आता तिथे गेलं ते खरं कारण, आणि पुढच्या रकान्यात उपाय: सुट्टीनंतर अर्धा तास मशीन रिकामं फिरवायचं, मगच पहिला नग, आणि पहिल्या नगाचं माप वहीत. इंग्रजी नेटकं, एकही शब्द फुगवलेला नाही. शेवटचा, आठवा रकाना असतो टीमचं अभिनंदन करण्याचा. त्याचा अर्थ सांगितल्यावर मामानं पोराला मिसळ आणायला पिटाळलं!

मला तर त्याच संध्याकाळी सगळं वर्कशॉप फोनमध्ये घालायचं होतं. कोटेशन, स्टॉक, उधारी, सगळं! मामी म्हणाली, "दमानं घे गं. हे एक अंगवळणी पडू दे." किती बरोबर होतं ते! पुढचा फॉर्म आला तेव्हा मी पुण्यात होते आणि मामानं तो माझ्याशिवाय भरला. त्यानंतरच त्यानं स्वतःहून दुसरं काम काढलं: थकलेलं बिल.

इथे कायदा लहान कारखानदाराच्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. हे उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि पत्रात लिहिण्याची छाती फार थोड्यांची. अ‍ॅपनं दोन पत्रं करून दिली, एकात कलमं आणि व्याज, दुसऱ्यात नुसती बिलाची तारीख, रक्कम आणि विनंती. मामानं दुसरं पाठवलं. "पयल्यानं पैसं येत्याल, पन पुढची ऑर्डर जाईल." हे गणित कुठल्या अ‍ॅपला कळणार? म्हणूनच मला ती दोन पत्रांची युक्ती फार आवडली. निवड मामाच्याच हातात राहिली.

तिसरं काम मात्र मामानं परत घेतलं. गोल पोलादी बारचं वजन तो तोंडी काढतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, झालं मीटरला किलो. चाळीस एमएमचा बार, ९.८८ किलो. अ‍ॅपचं उत्तर जुळलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं पोकळ बुशचं वजन विचारलं आणि अ‍ॅपनं नळी भरीव धरून आकडा ठोकून दिला, तोही अगदी ठामपणे. मामा इतका खूश झाला, इतका! त्या दिवसापासून वाटणी ठरली. भाषा फोनची, आकडे मामाचे. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगचा फोटो तर तो कुणाच्याच फोनवर घेऊ देत नाही, माझ्याही नाही. त्यावर गोपनीयतेचा शिक्का असतो आणि शब्द दिलेला असतो.

आता नवीन खूळ ऐका. मामाकडचे जुने टर्नर लवकरच काम सोडणार आहेत. कुठला जॉब कसा बांधायचा, पातळ भिंतीचं कास्टिंग चकमध्ये किती आवळायचं, हे सगळं त्यांच्या बोटांत. मामा रोज चहाच्या वेळी त्यांच्यासमोर फोन ठेवतो, एकच जॉब विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं मराठीतलं पान मशीनला चिकटवलेलं असतं. टर्नरकाका आधी ते पान वाचतात, खोडतात, मग सही करतात. खोडायला त्यांना भारी मजा येते!

शेजारच्या गाळ्यातल्या पॅटर्नमेकर काकांनी हे सगळं पाहिलं आणि परवा मला अडवलं, "आमच्याकडं बी बसवून दे की ते तुझं यंत्र." मी म्हटलं, काका, तुम्हाला सगळ्यात नकोसं काम कुठलं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मेहुण्याकडं उधारी मागायची." बसलोय आम्ही मसुदा करत!