शिकणाऱ्या यंत्राची परीक्षा

संगणकप्रणालीची चाचणी आणि उत्तरपत्रिकेची तपासणी यांत एक साम्य पूर्वापार होते. दोन्हींत आदर्श उत्तर आधी ठरलेले असे. वापरणाऱ्यांकडून शिकत शिकत स्वतःचे वर्तन बदलणाऱ्या प्रणालींनी हे साम्य मोडीत काढले. कालच्याच प्रश्नाला आज निराळे उत्तर आले, तर ती सुधारणा मानावी की बिघाड? बरोबर उत्तर सांगणाऱ्या आधाराला चाचणीशास्त्रात 'ऑरॅकल' म्हणतात. येथे तो आधारच हरवलेला असतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक अमरावतीला, दुसरा अकोल्याला. बोललेले ऐकून लिहिणाऱ्या प्रणाली वऱ्हाडीचे काय करतात, हे पाहण्याचा नाद आम्हांला लागला. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा 'डोया' होतो, शाळा 'शाया'. 'माह्यापाशी काया बैल हाये' या वाक्यातल्या 'काया'चे यंत्राने काय करावे? संवाद लिहिणाऱ्या कथाकाराला 'काया'च हवे. भाषांतर करणाऱ्याला 'काळा' हवे, नाहीतर बैलाच्या जागी देह अवतरेल! म्हणजे बरोबर उत्तर प्रयोजनागणिक बदलते. शिवाय परीक्षा स्वतःच्या फोनवर घेण्यात अर्थ नाही, कारण सुचवणी देणारा कळफलक तोवर आमच्याच सवयी शिकलेला असतो. रिद्धपूरच्या परंपरेतल्या 'लीळाचरित्रा'च्या पोथ्यांत पाठभेद आहेत, पण वाचल्याने पोथी बदलत नाही. येथे वाचकागणिक पोथी बदलते.

यावर उपाय नाहीत असे नाही. टी. वाय. चेन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलेली 'मेटामॉर्फिक' चाचणी आम्हांला विशेष भावली. एकेका उत्तराची बरोबरी ठरवता येत नसेल, तर दोन उत्तरांमधले नाते तपासावे, हे तिचे सूत्र. 'मले भूक लागली' आणि 'मला भूक लागली' यांची भाषांतरे एकाच अर्थाची आली पाहिजेत; न आल्यास आदर्श उत्तर हाती नसतानाही दोष सापडतो. दुसरा उपाय गोठवलेल्या वाक्यसंचाचा. यंत्राला शिकवण्यासाठी ही वाक्ये कधीच वापरायची नाहीत आणि प्रत्येक बदलानंतर तीच विचारायची, कारण नवे शिकताना जुने विसरणे हा या यंत्रांचा ठाऊक असलेला दोष आहे. आणि काय शिकले यावर पहारा हवाच. मायक्रोसॉफ्टचा 'टे' हा संवादक मार्च 2016 मध्ये लोकांकडून द्वेषाची भाषा उचलू लागला आणि एका दिवसाच्या आत मागे घ्यावा लागला.

मात्र आमची खरी चिंता वेगळी आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' उपक्रमात 'भाषादान' आहे. त्यात पडद्यावरची वाक्ये वाचून आवाज देता येतो. उपक्रम स्तुत्यच, पण छापील 'काळा' समोर असता वऱ्हाडी माणूसही 'काळा'च वाचणार. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना वाक्य देत नाही, चित्र दाखवतो. अलीकडे एका मुलाने फोनसमोर बैलाचे चित्र पाहून स्वच्छ 'काळा बैल' म्हटले. घरी काय म्हणतोस, असे विचारले.

"घरी कायाच म्हणतो सर," तो म्हणाला, "पण याले समजत नाही ना!"