आधी वारा, मग शिट्टी

कोलोरॅडोत सप्टेंबर म्हणजे एल्कच्या माजाचे दिवस. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ, नर ३०० किलोच्या आसपास. एवढ्या धिप्पाड जनावराच्या घशातून डरकाळी निघेल असं वाटतं, आणि निघते चक्क शिट्टी! पार ४००० हर्ट्झपर्यंत चढणारी.

माझा एक सहकारी धनुष्यबाण घेऊन एल्कच्या शिकारीला जातो. मी बाण मारणाऱ्यातला नाही, पण त्याची आवाज काढायची कला बघून वेडा झालो. टाळूला रबरी पडदी चिकटवायची, जिभेने दाबायची आणि फुंकायचं. नराच्या आवाजासाठी तोंडापुढे लांब नळी. मला अजून मांजरासारखंच जमतं :) गंमत म्हणजे एल्कची मादी साधारण तशीच ओरडते.

आणि कामाला येतो तो बहुतेक मादीचाच आवाज. नवशिके उत्साहात नराची आरोळी ठोकतात. ज्याच्याजवळ आधीच माद्या आहेत तो नर म्हणतो, कशाला भानगड? आणि माद्या हाकत डोंगरापलीकडे पसार.

थोडक्यात काय, हे फिशिंगच. पण एल्ककडे ऑथेंटिकेशन तगडं आहे. कान फसले तरी तो डोळ्यांनी खात्री करतो. आवाज आला तिथे मादी दिसली नाही की थबकतो. म्हणून ओरडणारा तीस-चाळीस मीटर मागे बसतो. नर थबकेल तो धनुर्धाऱ्यासमोर. शेवटची पडताळणी नाकाची. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येऊ बघतो. डोंगरात सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर. हे गणित चुकलं तर शिट्टी कितीही गोड असो, खेळ खलास.

खरा पेच पुढेच आहे. हाकेला आलेला नर बरेचदा सरळ तोंडासमोर येतो. तसा बाण मारला आणि जरा चुकला, तर जखमी जनावर रानात कुठेतरी तडफडत मरणार. त्यामुळे आमचे साहेब नर आडवा होईपर्यंत थांबतात, मग हळूच एक म्याव. तो क्षणभर थबकतो... तेवढाच वेळ. विश्वास ठेवून थबकलेल्याला मारायचं, हे मला अजून पचत नाही. तो म्हणतो, दुकानातलं चिकन तुला बरं पचतं! यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या वर्षी पाच दिवसांत एकही नर आडवा उभा राहिला नाही, तर गडी रिकाम्या हाताने घरी आला.

असो. नुसतं ऐकायचं असेल तर सप्टेंबरात संध्याकाळी रॉकी माउंटन नॅशनल पार्कात जा. शिट्टी मात्र घरी ठेवा, तिथे वाजवायला बंदी आहे.