तापीचे पाणी आणि निळा तलाव

सुरतेच्या पूर्व अंगाला, कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया लागते. पाटिया म्हणजे आपल्याकडचा फाटा. पर्वत या गावाकडे वळण्याची ही खूण. कापडबाजार जवळ असल्याने तागे आणि गाठोडी लादलेले टेंपो येथून दिवसभर धावत असतात. लिंबायत, डिंडोली, उधना या वस्त्यांत पावलोपावली खानदेशी बोली कानी पडते. यंत्रमागाच्या ओढीने भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेली ही आपलीच माणसे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, अठवा लाइन्स आणि डुमस रस्त्याच्या बाजूला, मोठ्या हॉटेलांचे पोहण्याचे तलाव आहेत. लग्नकार्याच्या निमित्ताने आपल्या मंडळींचेही तेथे जाणे होते, आणि मुले जेवण विसरून त्या निळ्या पाण्याकडे पाहत राहतात. ही निळाई बरीचशी तळाच्या फरशीची असते, हे त्यांना सांगूनही पटत नाही!

वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे 1.2 मीटर खोल तलाव धरला, तर त्यात 2,40,000 लिटर पाणी मावते. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी लागते असे मानतात. त्या हिशेबाने हे सुमारे 1,775 माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. मात्र हे पाणी रोज बदलत नाहीत. पंप ते खेचून वाळूच्या गाळणीतून काढतो, त्यात क्लोरीन मिसळते आणि तेच पाणी पुन्हा तलावात येते. नाकाला झोंबणारा वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीनचा घामाशी व लघवीशी संयोग झाला की तो सुटतो. म्हणूनच आधी अंग धुऊन उतरण्याचा नियम असतो.

सुरतेला पाणी मुख्यतः तापी पुरवते. मुलताईला उगम पावून, खानदेश ओलांडून, प्रकाशाच्या घाटांना स्पर्शून ती येथे येते. आपल्या वाडवडिलांच्याच वाटेने म्हणा ना! पण या नदीचे दुसरे रूपही येथे पाहिलेले आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला. पर्वत पाटिया, लिंबायत भागाला तर खाडीच्या पुराचीही धास्ती असते. 2024 च्या जुलैत मिठी खाडीचे पाणी येथील वस्त्यांत शिरले होते.

आमच्या आधीची पिढी पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून नदी-विहिरीत पोहायला शिकली. त्यांच्या नातवंडांना मात्र कंबरभर पाण्याचेही भय वाटते. हॉटेलचा तलाव हे भय घालवीत नाही. तो उथळ असतो, मौजेसाठी असतो, आणि वर्षातून एखाद्या दिवशीच वाट्याला येतो. महानगरपालिकेच्या तरणतलावांत मात्र शिस्तीने शिकता येते. पुराच्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये, हे खरेच; परंतु पाय घसरून पाण्यात पडलेले मूल घाबरून न जाता तरंगत राहिले, तर मदत पोचेपर्यंत वेळ मिळतो. लग्नात हॉटेलच्या तलावाचे कौतुक अवश्य करावे. पण येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला, आणि मुलीलाही, पालिकेच्या तलावावर घालण्याचे घरोघरी ठरावे, असे आम्हांस वाटते.