पत्र्यालाही कान असतात

भिंतीला कान असतात ही गोष्ट वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या माणसाला कुणी पटवून द्यावी लागत नाही. पण पत्र्यालाही कान असतात, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही बँकेच्या वेळात कळलं. मी बी.कॉम. झालेला माणूस. विज्ञानानं मला दहावीला निरोप दिला आणि त्यानंतर आम्ही दोघांनीही एकमेकांची चौकशी केली नाही. धातूंपैकी सोन्याशी काय तो आमचा संबंध, कारण त्यावर आम्ही कर्ज देतो. पण ते सोनंच आहे की नाही हे सांगायलाही आम्हांला सराफ लागतो.

ॲल्युमिनियम हा शब्द तर आमच्या घरात फार उशिरा आला. आजी त्याला ‘जर्मन’ म्हणायची. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. आता हा धातू पहिल्यांदा वेगळा काढला तो १८२५ साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं. पण पाठोपाठ १८२७ साली व्होलर नावाच्या जर्मन माणसानंही काढला, तेव्हा आजीला अगदीच काही आधार नव्हता असं नाही. एके काळी ही वस्तू इतकी अपूर्वाईची, की अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या शेंड्यावर १८८४ साली तिचं टोपण बसवलं. दोनच वर्षांनी अमेरिकेतला हॉल आणि फ्रान्समधला एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न विचारता, विजेच्या मदतीनं ती स्वस्तात काढायची एकच युक्ती शोधली. दोघंही जन्मले १८६३ साली आणि गेले १९१४ साली. पत्रिका बघणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. पुढं भाव असा उतरला की १९८२ साली आपल्याकडं या धातूचं वीस पैशांचं षट्कोनी नाणं निघालं. ती दहा नाणी खिशात असली तरी खिसा रिकामा वाटायचा. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, आणि आम्हां बँकवाल्यांचा या धातूशी असलेला उरलासुरला संबंधही संपला. तो पुन्हा जुळला मांजरीत.

मांजरी म्हणजे हडपसरच्या पुढची. २०२१ साली ती पुणे महापालिकेत आली, तरी लोक अजून ‘पुण्याला जाऊन येतो’ असंच म्हणतात. इथं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तसंच द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. म्हणजे साखर आणि द्राक्षं दोन्ही. एकूण गावाची प्रकृती गोड. त्या मानानं आमची शाखा अंमळ तुरट, पण तो हवापाण्याचा दोष नसावा.

तर आमच्या शाखेचे एक खातेदार ॲल्युमिनियमचे डबे करतात. छोटी शेड, दोन प्रेस, दहा-बारा माणसं. बाजारातून ॲल्युमिनियमच्या गोल चकत्या आणायच्या (धंद्यात त्यांना ‘सर्कल’ म्हणतात), प्रेसखाली ठेवायच्या, वरून ठोकळा दाबला की चकतीचा डबा. या माणसाच्या कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि नेमका तेव्हाच वरून तपासनीस आला. त्यानं स्टॉक स्टेटमेंट पुढं ओढलं, कॅल्क्युलेटर बडवला आणि विचारलं, “सर्कल आलं एवढ्या वजनाचं, डबे झाले त्याहून कमी वजनाचे. मधला माल कुठं गेला?”

खातेदार म्हणाले, “साहेब, कान कापले.”

तपासनिसानं चष्मा काढला. “कुणाचे?”

“डब्याचे.”

तपासनीस त्या वेळी काही बोलला नाही, पण जाताना मॅनेजरसाहेबांच्या कानात सांगून गेला, “हा माणूस माल लाटतोय. लिमिट थांबवा.” झालं! दिवाळी दीड महिन्यावर, डब्यांच्या ऑर्डरी डोक्यावर, आणि लिमिट थांबलं तर सर्कल उधारीवर देणार कोण? दहा-बारा घरांची चूल एका शेऱ्यावर येऊन ठेपली. आमचे मॅनेजरसाहेब स्वभावानं सावध, पण वाईट नव्हेत. ते म्हणाले, “स्वतः बघून येऊ. तुम्ही वही घ्या.” वही घेणं हे माझं बँकेतलं खरं पद आहे.

शेडमध्ये प्रेस धडधडत होता. डबा बाहेर आला. बुडाशी चांगला गोल, अंगानं गुळगुळीत. पण काठ म्हणाल तर चार ठिकाणी वर उचललेला आणि चार ठिकाणी खाली गेलेला. उचललेले ते कान. काठ सरळ करायला ते कापून टाकावे लागतात, आणि कापलेलं भंगारात जातं. साहेब म्हणाले, “चकती गोल, ठोकळा गोल, मग काठ सरळच यायला पाहिजे. तुमची डाय वाकडी असणार.”

खातेदारांनी वाद घातला नाही. पत्र्याच्या अंगावर अगदी फिकट रेघा असतात, तो ज्या दिशेनं लाटला गेला त्या दिशेच्या. त्या रेघांच्या बाजूनं त्यांनी चकतीवर पेननं बाण काढला आणि डबा ठोकला. कान आले ते बाणाशी बरोबर तिरके, पंचेचाळीस अंशांवर. मग दुसरी चकती थोडी फिरवून ठेवली. कानही तेवढेच फिरले! तिसरी फिरवली, पुन्हा तेच. डाय जागची हलली नव्हती. “बघा साहेब, कान डायचे असते तर जागेवर राहिले असते. हे पत्र्याच्या पोटातून येतात.” साहेबांनी स्वतःच्या हातानं बाण काढून आणखी दोन डबे ठोकून घेतले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत ते एवढे खूश झालेले मी पाहिले नव्हते.

पण पोटातून म्हणजे कुठून? हे फाइलवर लिहायचं तर नीट कळायला हवं. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, जन्मभर धातुशास्त्राची नोकरी करून निवृत्त झालेले. संध्याकाळी त्यांना गाठलं.

“काय रे बँकवाल्या,” काका म्हणाले, “स्फटिक म्हटलं की तुला काय आठवतं?”

“खडीसाखर.”

“पत्रा म्हणजे तेच. खच्चून भरलेले दाणे, मधे रिकामी जागा नाही. प्रत्येक दाण्यात अणूंची कवायत: घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहा बाजूंच्या मध्यावर एकेक. पण या दाण्याची कवायत एका दिशेला, तर शेजारच्याची भलत्याच.”

मला आमचं स्टाफ मीटिंगचं दृश्य दिसलं.

“आता असा धातू दोन रुळांमधून दाबून काढला,” काका पुढं म्हणाले, “की दाण्याच्या आतले थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात. चार प्रकारचे थर आणि प्रत्येकावर तीन दिशा, अशा सरकायच्या बाराच वाटा. बाजूला शेजारी दाटीनं बसलेले, त्यामुळं सरकता सरकता दाणा स्वतःही वळतो. एकदा लाटला, थोडा वळला. दहादा लाटला, पुष्कळ वळला. शेवटी बहुतेक दाणे ठरावीक चार-दोन बैठकींत येऊन बसतात. या सवयीला टेक्श्चर म्हणतात. आणि एकदा दाणे एका रोखानं बसले, की पत्रा सगळीकडून सारखा ताणला जात नाही. एका बाजूनं जास्त ओढला जातो, एका बाजूनं कमी. तेच तुझे कान.”

त्या बैठकींची नावं आहेत ‘कॉपर’, ‘ब्रास’ आणि ‘एस’. ॲल्युमिनियमच्या अंगात तांब्या-पितळेची बैठक! पाटीवर जोशी आणि आत कुलकर्णी राहतात, त्यातला प्रकार.

आमची ही आतून पोळ्या लाटता लाटता ऐकत होती असं नव्हे, पण घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, त्यात काय एवढं? एकाच बाजूनं लाटली तर पोळीचा नकाशा होतो. म्हणून फिरवत लाटायची.” दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, “वहिनी बरोबर आहेत. पण तळोज्याला हिंदाल्कोची मिल आहे, तिथं जाऊन सांगा म्हणावं! गुंडाळीचा पत्रा लांबच लांब असतो, तो आडवा फिरवणार कसा? रोलिंग मिलला पोळी फिरवता येत नाही. एकदा लागला तो एकाच दिशेनं.”

“मग उपाय?”

“कणीक मुरू देतोस ना, तसं पत्र्यालाही मधूनमधून भट्टीत मुरवायचं. साडेतीनशे-चारशे अंशांवर दबलेल्या दाण्यांच्या जागी नवे, ताजे दाणे उगवतात. याला ॲनीलिंग म्हणतात. पण नव्यांनाही आपली खोड असतेच. त्यांतले पुष्कळसे घनाच्या कडा लाटण्याच्या दिशेला लावून बसतात. ती ‘क्यूब’ बैठक. तिचे कान तिरके येत नाहीत, सरळ बाणाच्या रेषेत आणि काटकोनात येतात.”

म्हणजे एक खोड गेली आणि दुसरी आली. मी निराश झालो. काका मात्र हसले. “अरे, इथंच तर खरी अक्कल आहे. थोडी लाटण्याची खोड ठेवायची, थोडी भट्टीची. एकीचे कान जिथं वर, तिथं दुसरीचा खळगा. दोन्ही बेताची ठेवली की काठ जवळजवळ सरळ.” शीतपेयाच्या कॅनचा पत्रा असाच तोलून मापून करतात. त्यात साधारण एक टक्का मँगनीज आणि एक टक्का मॅग्नेशियम असतं, शिवाय थोडं लोखंड. मँगनीज आणि लोखंडाचे जे जाडसर कण होतात, त्यांच्या आजूबाजूला नवे दाणे वाटेल त्या दिशांना तोंड करून जन्मतात आणि सगळ्यांचा एकच रोख मोडतात. प्रत्येक शाखेत युनियनचा एक तरी कार्यकर्ता का असावा, हे मला त्या क्षणी शास्त्रोक्त रीतीनं पटलं.

बरं, एकच रोख नेहमी वाईट असंही नाही. कोपऱ्यावर गुणगुणणारा विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो ना, त्यातल्या पोलादी पत्र्यात सगळे दाणे मुद्दाम एकाच, ‘गॉस’ नावाच्या बैठकीत बसवतात, म्हणजे वीज कमी वाया जाते. ज्याला चुंबक व्हायचंय त्यानं एका दिशेला बघावं. ज्याला डबा व्हायचंय त्यानं चारी दिशांना. पवईच्या आय.आय.टी.त तर धातूंची ही बैठक क्ष-किरणांनी आणि इलेक्ट्रॉनांनी मोजण्याची राष्ट्रीय सोयच केलेली आहे. माणसांसाठी तसं यंत्र निघालं, तर आमच्या बढतीच्या मुलाखती बंद पडतील.

मी फाइलवर टिपण लिहिलं: तूट ही पत्र्याच्या गुणधर्मामुळे होणाऱ्या कानांची आहे, भंगाराच्या विक्रीच्या पावत्या वजनाशी जुळतात, सोबत बाण काढलेले पाच डबे जोडले आहेत. डबे जोडलेली फाइल कपाटात मावेना, ती आठवडाभर साहेबांच्या टेबलाखाली होती. पण लिमिट मंजूर झालं. खातेदारांनी व्यापाऱ्याला बाणवाले डबे दाखवून कमी कानांचं सर्कल मागायला सुरुवात केली, आणि दिवाळीला शेडच्या दारात आकाशकंदील लागला.

या सगळ्याचा परिणाम असा, की मला आता माणसं बघितली की त्यांच्या लाटण्याची दिशा दिसते. आमचे कॅशियर तीस वर्षं एकाच खिडकीतून दाबून निघालेत. ते लग्नातल्या आहेराचं पाकीटसुद्धा दोनदा मोजून घेतात. बाहेरून सगळे गुळगुळीत, चकचकीत. ओढ बसली की कोणाचा कान कुठं वर येतो ते कळतं. सर्क्युलरांच्या रुळाखालून मीही बावीस वर्षं एकाच दिशेनं गेलोय, तेव्हा भट्टीची गरज मलाही आहे, असं ठरवून मी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, “ॲनीलिंग.”

साहेबांनी अर्ज वाचला, मला बोलावलं आणि म्हणाले, “त्या काकांना मीही भेटून आलो बरं का. गरजेपेक्षा जास्त मुरवलं तर दाणे जाड होतात आणि पत्रा ओढला की संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो.”

आणि पंधरावर काट मारून त्यांनी पाच दिवस मंजूर केले.