तुमचं लसीचं कार्ड कुठं आहे?

नवीन रुग्णाची माहिती लिहून घेताना मी बीपी, शुगर, झालेली ऑपरेशनं, औषधांची ॲलर्जी हे सगळं विचारतो आणि शेवटी विचारतो, "लसी कोणत्या घेतल्या आहेत?" पन्नाशीपुढची बहुतेक मंडळी यावर हसतात. "डॉक्टर, आता या वयात?" कोणी म्हणतं, "कोविडच्या घेतल्या ना!" कोणी बाही वर सारून दंडावरचा देवीचा व्रण दाखवतं. नातवाचं लसीकरणाचं कार्ड मात्र घरात प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेलं असतं.

तो व्रण क्षुल्लक नाही बरं का. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला देवीची लस दिली गेली, तिथून आपल्या देशातल्या लसीकरणाची सुरुवात धरतात. १९७५ साली देवीचा रोग भारतातून गेला. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. हे सगळं लहान मुलांच्या लसींमुळे घडलं, त्यामुळे लस म्हणजे बाळाची गोष्ट असं आपल्या डोक्यात बसलं. पण आज प्रत्येक बाळापर्यंत पोहोचणारा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९८५ मध्ये. म्हणजे तुमचं वय आज पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर लहानपणी तुम्हाला सगळे डोस मिळाले असतीलच असं नाही. घरात सगळ्यात सुरक्षित नातू आणि सगळ्यात असुरक्षित आजोबा, अशी परिस्थिती मी रोज पाहतो.

धनुर्वाताचंच घ्या. "गंजका खिळा लागला, टीटी द्या" हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण दोष गंजाचा नसतो. या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि जखमेतून आत शिरतात. दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं ताठतं, श्वासाचे स्नायू आखडतात. एकदा लक्षणं सुरू झाली की चांगल्या आयसीयूमध्येही रुग्ण वाचेलच याची खात्री नसते. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनी लस घेतली म्हणून तुमचं रक्षण होत नाही. इतकंच काय, धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही पुढे लस घ्यावीच लागते.

बायकांना गरोदरपणात निदान ही लस मिळालेली असते. पुरुषांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. शेतात, बागेत, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या साठीच्या गृहस्थांना मी खोदून विचारतो. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक बूस्टर पुरतो. दर खरचटण्याला इंजेक्शन घेण्याची गरज नाही. काहीच आठवत नसेल, तर महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. आता टीटीऐवजी टीडी देतात. तिच्यात घटसर्पाविरुद्धचाही भाग असतो.

आता नागीण. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी तो विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो दडून बसतो. वय वाढलं, मधुमेह झाला, केमोथेरपी किंवा स्टेरॉइडची औषधं सुरू झाली, की प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडतो आणि तो एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं उठतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. तसं काही नसतं. पण ही भीती घालून लेप लावणारे आणि मंत्र टाकणारे सुरुवातीचे तीन दिवस खाऊन टाकतात, आणि विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा उपयोग त्याच बहात्तर तासांत असतो.

माझ्या आईला चौऱ्याहत्तराव्या वर्षी नागीण झाली. मुलगा डॉक्टर, त्यामुळे गोळ्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. तीन आठवड्यांत पुरळ सुकलं. वेदना दहा महिने राहिल्या. पदर पाठीला नुसता लागला तरी ती कळवळायची. रात्री पंख्याचा वारा सोसवत नसे आणि उकाडाही. वेदनेच्या औषधांनी गुंगी यायची, म्हणून मग ती अर्धीच गोळी घ्यायची आणि मला सांगायची नाही. देवळातलं भजन सुटलं ते सुटलंच. या काळात आपल्याकडे सध्याची लस मिळत नव्हती, ती आली २०२३ मध्ये. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात आणि मोठ्या चाचण्यांमध्ये तिने सुमारे ९० टक्के किंवा त्याहून जास्त संरक्षण दिलं. मी आणि माझ्या बायकोने ती घेतली. दुसऱ्या डोसनंतर मला रात्रभर थंडी वाजून ताप होता आणि दंड दोन दिवस उचलवत नव्हता. तरी पुन्हा विचारलंत तर घेईन म्हणेन. ही लस महाग आहे, हे मात्र मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

फ्लूच्या लसीबद्दल तक्रार ठरलेली: "घेतली, तरी सर्दी झालीच की!" सर्दीचे विषाणू ढीगभर असतात, ही लस फक्त इन्फ्लुएंझाची. तो विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची, आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये. साठीपुढच्यांनी, दम्याच्या, मधुमेहाच्या आणि विशेषतः हृदयाच्या रुग्णांनी ती टाळू नये. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. याच मंडळींना मी न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकसची लसही सुचवतो. ती दरवर्षी लागत नाही.

भीती रिॲक्शनची असते. दंड दुखणं, कणकण, एखादा दिवस ताप हे चालायचंच. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसमागे एखाद्याला होते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात होते. म्हणून लस टोचल्यावर आम्ही तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतो. तेवढा वेळ कृपया बसा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांना काही जिवंत विषाणूंच्या लसी चालत नाहीत. औषधांची फाईल सोबत हवी, ती यासाठी.

सगळ्यांना सगळं परवडत नाही. माझा क्रम विचाराल तर आधी टीडी, जी सरकारी दवाखान्यातही मिळते. मग दरवर्षी फ्लू, त्यानंतर न्यूमोनिया आणि पैशांची सोय झाली की नागीण. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस तिला आधी द्या, आपलं नंतर पाहू.

आणखी एक मंडळी दरवर्षी माझ्याकडे येतात: लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा. लेकीने फोनवर बजावलेलं असतं की डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. आजी दुखावलेल्या असतात. "आम्ही काय रोगी आहोत का?" मी त्यांना सांगतो, लेक बरोबर बोलते आहे. बाळाला डांग्या खोकल्याची पहिली लस मिळते दीड-दोन महिन्यांनी. तोपर्यंत त्याच्याकडे आईने गरोदरपणात लस घेऊन दिलेली शिदोरी असते, नाहीतर काहीच नाही. मोठ्यांचा साधा वाटणारा रेंगाळलेला खोकला तान्ह्याचा श्वास थांबवू शकतो. हे ऐकल्यावर आजीच आधी बाही वर करतात.

फक्त एक करा, तिकीट काढलंत की लगेच या. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. विमानाच्या आदल्या संध्याकाळी, बॅगा भरता भरता नको.